शाळूतली हाक

पौषातल्या सकाळी अंगणवाडीच्या पत्र्यावरचं दव थेंबाथेंबानं ओसरीवर गळू लागतं, तेव्हा त्या आवाजात मिसळून मथुराच्या जोडव्यांचा आवाज येतो. फरशीवर तो बारीक टकटकत फिरत राहतो, या लेकरापासून त्या लेकरापर्यंत. तिचा स्वतःचा आवाज मात्र कानी पडत नाही. मथुरा कुणाला हाक मारीत नाही. एखादं लेकरू दाराकडं सरकलं, कुणी खिडकीच्या गजांवर चढलं, कुणाच्या हातात सुतळीचा तुकडा दिसला, की ती हातातलं काम टाकून उठते, चालत जाते आणि त्याचा हात धरते. खरबरीत, गार, भांडी घासल्याच्या राखेचा वास असलेला तिचा हात. मी जागेवर बसून ओरडणारी बाई आहे. माझ्या एका ओरडण्यात जे काम होतं त्यासाठी मथुरा दिवसभर पायपीट करते.

ती आमच्या अंगणवाडीची मदतनीस. मी सेविका, रोज सकाळच्या एस.टी.नं सोनपेठहून येते आणि दुपारी परत जाते. खोली एकच, मागच्या भिंतीला लागून नामदेवआबांचं रान. रब्बीत तिथं ज्वारीचा शाळू उभा असतो, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला, आणि वारा सुटला की त्याच्या पानांची सळसळ खिडकीतून आत येऊन लेकरांच्या बडबडीखाली पसरून राहते. मला त्या आवाजात झोप येते. मथुराला त्या आवाजात काय ऐकू येत असेल ते मला फार उशिरा कळलं.

तिची कहाणी गावात सगळ्यांना पाठ आहे. सासरी कित्येक वर्षं काढली, कूस उजवली नाही, दुसरी आली, आणि एका दिवाळीला माहेरी आलेली मथुरा परत गेलीच नाही. तेव्हापासून ती भावाच्या घरात राहते, सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर जेवते. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही, जोडवी काढली नाहीत. ज्याच्या नावाची ती आहेत त्याचं नाव मात्र मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. दसरा झाला की भाऊ आणि भावजय टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. त्या दिवसांत अर्ध्या गावाला कुलपं लागतात. दुपारी गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज दोन्ही बाजूंच्या बंद दारांवर आपटून मागं येतो, आणि मनात काही नसतानाही माणूस भराभर चालू लागतं.

मी सांगते आहे त्या वर्षी त्या दोघांनी प्रथमच आपली लेक मागं ठेवली होती. राही, चार वर्षांची, कानावर उतरलेल्या दोन वेण्या आणि सदा विस्फारलेले डोळे. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर भावजयीनं लेकीचा हात मथुराच्या हातात दिला आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या भरवशावर ठेवून चाललेय. जशी हाय तशी माघारी द्या मला." बोलणं साधंच होतं, आईचं होतं. पण मथुराच्या अंगावर ते मणभर ओझ्यासारखं पडलं.

"अमानत हाय, ताई," ती मला म्हणायची. "मपलं असतं तर येवढं भ्या वाटलं नसतं. मपलं सांडलं-लवंडलं तर मी रडले असते आन् बसले असते. दुसऱ्याचं सांडलं तर भरून कुठून द्यावं?"

त्यापुढचं ती बोलत नसे, पण ते तिच्या तोंडावर वाचता येई. पोटी लेकरू नसलेल्या बाईच्या हातून दुसरीच्या लेकराला काही झालं, तर गाव त्याला अपघात म्हणत नाही. ते शब्द कुणी उच्चारले नव्हते. तरी मथुरा ते रोज ऐकत होती, आणि म्हणून राहीला डोळ्यांच्या कवाडांआड कोंडून ठेवीत होती.

त्या पौषात आमच्या वर्गात आठवडाभर शेत मांडलं होतं. वरून आलेली सूचनाच तशी होती, आणि मला असल्या गोष्टींची भारी हौस. परातीत काळी माती पसरली, तिच्यावर पाणी शिंपडलं, आणि जुन्या कंगव्यांच्या तिफणी करून लेकरांनी त्या मातीत पेरणीच्या ओळींची तासं ओढली. भेंडी आडवी चिरून रंगात बुडवली की कागदावर फुलं उमटतात. त्या फुलांची बोंडं झाली, कापूस झाला. चादरीवर ज्वारी, हरभरा, तूर, करडई यांचे ढीग घातले आणि डोळे झाकून, नुसत्या बोटांनी धान्य ओळखायचा खेळ मांडला. करडई टोचते, तूर घसरते, हरभऱ्याला चोच असते, हे लेकरांना माझ्याआधी ठाऊक होतं. मी मोबाइलवर फोटो काढीत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मथुराला त्या आठवड्यात क्षणाचीही उसंत नव्हती. हरभरा नाकात जाईल, ओल लागून फुगेल, म्हणून ती चादरीभोवती घिरट्या घालीत राही. कंगव्याचे दात डोळ्यांत जातील. भेंडी चिरायची विळी तिनं वापरून झाल्या झाल्या पत्र्याच्या पेटीत घालून वर कुलूप लावलं. मातीचे बैल केले तेव्हा मातीत काचेचा तुकडा असेल म्हणून सगळी माती तिनं आधी स्वतःच्या हातांनी चाळली, आणि तिच्याच बोटाला काटा टोचला.

"मथुरे," मी म्हटलं, "तुझं चाललं तर तू या लेकरांना फडक्यात गुंडाळून शिंक्यावर ठेवशील. मांजर येईल म्हणून खाली राखणही बसशील."

ती हसली. मथुरा हसली की तोंडावर पदर धरते, जणू हसण्यालाही कुणी बघू नये. पण डोळे हसत नव्हते. ते पदरावरून राहीला शोधत होते.

बुधवारी आम्ही बुजगावणं केलं. माझ्या नवऱ्याचा जुना सदरा, कडब्याचे हात, डोक्याला मडकं आणि मडक्यावर चुन्याचे दोन मोठे डोळे. ते कोपऱ्यात उभं केलं तशी लेकरं टाळ्या पिटू लागली. राही मात्र भिंतीला चिकटली. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता. मथुरा तिच्यापर्यंत गेली, तिचा हात धरला, आणि हाताला हात लागताच त्या पोरीच्या खांद्यांतलं भय उतरताना मला खोलीच्या या टोकावरून दिसलं.

जेवणं झाल्यावर मी विचारलं, "अगं, तुला हाक मारता येत नाही का? तोंडाला कुलूप आहे काय? लेकराला नुसतं 'राही' म्हटलं असतं तरी ते पळत आलं असतं."

तिनं दाराबाहेर पाहिलं, राही झोपली आहे याची खात्री केली, मग आवाज खाली घेऊन सांगितलं. आबांच्या रानाच्या पल्याडच्या बांधावर जुनी विहीर आहे, बिनकठड्याची. काठावर शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड आहेत. पाण्यातल्या त्या आसरा शाळू उंच झाला की त्यात फिरतात आणि माणसाला हाक मारतात. आणि हाक मारतात ती परक्या आवाजात नाही, आपल्याच माणसाच्या आवाजात. ओ दिली की संपलं. आमच्या भागात हे सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. मीही ऐकलं होतं, आणि मोठी झाल्यावर माझ्या लेकरांना सांगायचं विसरूनही गेले होते.

"मी तिला सांगून ठेवलंय," मथुरा म्हणाली, "शाळूत कुनाची बी हाक आली, मायची आली, बापाची आली, मपली आली, तरी ओ द्यायची न्हाई. गप बसायचं. खरी आत्या हाक मारत न्हाई. खरी आत्या येऊन हात धरती."

"आणि उद्या खरंच हाक मारायची वेळ आली तर?"

"कामून येईल? मी हात सोडीन तवा ना."

मला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी गार लागलं. पण दुसऱ्या दिवशी लेकरांना रानात न्यायचं ठरलं होतं, आबांनी हुरडा भाजून द्यायचं कबूल केलं होतं, आणि मी त्या तयारीला लागले.

गुरुवारची सकाळ धुक्याची होती. एक लांब कासरा घेऊन मथुरानं त्याला अंतराअंतरावर गाठी मारल्या, प्रत्येक गाठीला एक लेकरू, आणि शेवटची गाठ स्वतःच्या मनगटाला. तिच्या अलीकडची गाठ राहीची. बांधावरून ती माळ चालू लागली तेव्हा लेकरं स्वतःला बैल समजून माना हलवीत होती. शाळू पोटऱ्यातून बाहेर पडून भरला होता, कणसांत दूध होतं, आणि उन्हाची पहिली तिरीप त्या कणसांवरून सरकत होती. आत मात्र, तासांच्या बोळांत, अजून रात्र असल्यासारखा अंधार होता. पानांवरचं दव टपटपत होतं. कुठल्या तासात काय आहे ते बाहेरून दिसत नव्हतं, आणि आत गेलेलं माणूस नाहीसं व्हायला चार पावलं पुरेशी होती.

आबा रानातल्या लाकडी माळ्यावर उभे होते, राखणीला. लेकरं आलेली बघून म्हाताऱ्याला हुरूप आला. "बघा रे, पाखरं कशी उठिवत्यात," म्हणून त्यांनी गोफण फिरवली. दोरीचा असा फटाका निघाला की आकाश फाटल्यासारखं झालं. शेकडो चिमण्यांचा थवा शाळूतून एकदम वर उडाला, आणि त्याच क्षणी लेकरांनी कासरा सोडून दिला. कुणी माझ्या पायांना मिठी मारली, कुणी खाली बसलं, कुणी बांधाखाली घसरलं. दोन लेकरं मथुराच्या अंगावर येऊन आदळली आणि ती त्यांना सावरायला वाकली.

ती पुन्हा उभी राहिली तेव्हा तिच्या मनगटाला कासरा होता आणि शेजारची गाठ रिकामी होती.

पहिल्या क्षणी कुणालाच काही वाटलं नाही. पोरगी इथंच असेल. मग मथुरानं हाक मारली. मी तिचा मोठा आवाज तेव्हा प्रथम ऐकला. तो तिच्या अंगात मावेल असं कधी वाटलं नव्हतं. "राही! ए राही! माय वं, कुठं हायस?" मीही ओरडले. आबा माळ्यावरून उतरता उतरता ओरडले. लेकरांना तो खेळ वाटला आणि तीही गळा फाडून "राही, राही" करू लागली. शेजारच्या रानातल्या खुरपणाऱ्या बाया धावत आल्या आणि बांधावरून हाका सुरू झाल्या. शाळूच्या चारी बाजूंनी एकच नाव आत शिरत होतं, आणि आतून काहीच बाहेर येत नव्हतं.

आबा विहिरीकडं पळाले. थोड्या वेळानं विहिरीतून पारव्यांचा फडफडाट उठला आणि आबा काठावर ओणवे झालेले दिसले. "पाणी थिर हाय," ते तिकडून म्हणाले. स्थिर पाण्याचा अर्थ काय घ्यायचा? ती पडली नाही असाही होतो, आणि दुसराही होतो. मी दुसरा अर्थ मनातून ढकलून देत होते आणि तो परत परत येऊन बसत होता.

आणि मग मथुरानं आपल्याच तोंडावर आपला हात दाबला.

तिचा चेहरा मी विसरलेले नाही. भीती तिच्या चेहऱ्यावर नेहमीच असे, पण ती बाहेरच्या जगाची असे; या वेळी ती स्वतःकडं पाहत होती. "गप बसा," ती म्हणाली. "कुनी हाक मारू नका. ती ओ द्यायची न्हाई. हाका मारू मारू आपुन तिला आनखी आत ढकलायलोत. मीच सांगितलंय तिला."

तेव्हा मला कळलं. त्या अंधाऱ्या तासांत एक चार वर्षांची पोर बसली असेल, चारी बाजूंनी आपल्या माणसांच्या आवाजात आसरा आपल्याला बोलावत आहेत असं समजून, आणि प्रत्येक हाकेसरशी त्या आवाजापासून दूर सरकत असेल. दूर म्हणजे कुठं? हाका बांधाकडून होत्या. पल्याड विहीर होती.

मथुरानं चपला काढल्या आणि ती शाळूत शिरली.

आम्ही बाहेर उभे राहिलो. मी ओठांवर बोट ठेवलं आणि माझी ती लेकरं, जी खिचडीच्या पातेल्यापुढंही कधी गप बसली नव्हती, ती खरंच गप झाली. बायांनी पदर तोंडात धरले. मथुरा दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त कणसं, ती जिथून जाई तिथं हलणारी. ती हालचाल एका तासातून शेवटपर्यंत जाई, वळे, दुसऱ्या तासातून परत येई. हाक नाही, खाकरणं नाही, पानं बाजूला सारल्याची खसखस तेवढी. आत ती दोन्ही हात पसरून चालत असणार, एकही तास न सोडता, कारण जिला शोधायचं तिला आवाजानं बोलावण्याची वाट तिनंच बुजवून टाकली होती. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी नुसती त्या कणसांकडं बघत होते, आणि ती हलायची थांबू नयेत एवढंच मागत होते.

हालचाल विहिरीच्या बाजूला गेली. तिथं ती थांबली.

किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही. धुकं वितळून ऊन पडलं होतं, पाखरं पुन्हा येऊन कणसांवर बसली होती, आणि त्यांना हाकलायला कुणी नव्हतं. एका बाईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मग कणसं पुन्हा हलली. सावकाश, आमच्या दिशेनं.

त्या दोघी बाहेर आल्या त्या हातात हात धरून. मथुराचा चेहरा, दंड, गळा शाळूच्या पानांनी चिरला होता आणि त्या बारीक रेघांवर रक्ताचे थेंब उभे होते. राहीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. विहिरीच्या काठच्या शेवटच्या तासात, आसरांच्या दगडांपासून हाताच्या अंतरावर, ती डोळे मिटून आणि कानांत बोटं घालून बसली होती, असं मथुरानं नंतर सांगितलं. आता तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत काहीतरी चमकत होतं. ते भय नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "त्या लय हाका मारायल्या व्हत्या. समद्यायच्या आवाजात. ताईच्या बी, तुझ्या बी. तू तर रडत रडत मारायली व्हतीस. पन मी ओ दिली न्हाई." आणि शाबासकीसाठी मान वर करून तिच्याकडं बघत राहिली.

मथुरा मट्कन खाली बसली. "शाहानी माय मपली," एवढंच तिला म्हणता आलं. आबांनी हुरडा भाजला, लेकरांनी तो तोंड काळं करून खाल्ला, आणि मी मोबाइल पिशवीतून बाहेर काढला नाही.

त्यानंतर मथुराची भीती गेली असं वाटत असेल तर तसं झालं नाही. ती नुसती वळली. आता ती राहीला ओ द्यायला शिकवू लागली. आधी खोलीत तरी हजेरीला "हजर" म्हणणारी पोर आता तेही म्हणेना. हाक आली की तिचे ओठ मिटत आणि डोळे हात शोधत. आणि लेकराचं तर्कशास्त्र आपल्यापेक्षा सरळ असतं: खरी आत्या म्हणाली होती ओ द्यायची नाही, आता ही जी "ओ दे" म्हणते आहे ती कोण? एके सकाळी मी पाहिलं, राही खाली वाकून मथुराचे पाय न्याहाळत होती. पाय उलटे आहेत का ते बघत होती. मथुरानं काही न बोलता जोडव्यांसकट पाऊल पुढं केलं. पुढं तो रोजचा रिवाजच झाला. "बघ, सरळ हाय का?" पोरगी बोट लावून बघायची, मग हात द्यायची.

रविवारी आईचा फोन येई. फोनातून आलेली हाक म्हणजे तर नुसती हाकच, तिला हातच नाही. राही फोनकडं पाठ करून बसे. मथुरा भावजयीला सांगे, झोपलीय, खेळायला गेलीय, आंघूळ करायलीय. प्रत्येक रविवारी तिला नवं काहीतरी शोधावं लागे, आणि सोमवारी ती मला विचारी, "पाडव्यापतुर देईल ना वं ती ओ?" मी म्हणे, देईल. मला ठाऊक काय होतं?

पाडव्याच्या तोंडावर ट्रॅक्टर आले. उन्हानं रापलेली, उसाच्या पाचटाचा वास अंगावर घेऊन आलेली माणसं उतरली, आणि भावजय रस्त्यावरूनच ओरडली, "राही! ए माय!" साऱ्या हंगामाचा साठवलेला आवाज होता तो. राही अंगणवाडीच्या दारात उभी होती. तिनं हाक ऐकली, आईकडं पाहिलं, आणि मथुराच्या निऱ्यांमध्ये तोंड लपवलं.

भावजय जागीच थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग ते उतरलं. "वन्सं, काय करून ठेवलंत मपल्या लेकराला?" ती म्हणाली.

ज्या वाक्याला मथुरा दसऱ्यापासून भीत होती ते शेवटी आलं होतं, आणि आलं ते लेकरू जसंच्या तसं असताना. ती सांगू शकली असती. शाळू, गोफण, विहीर, सगळं. मी तोंड उघडलं तर तिनं डोळ्यांनीच मला थांबवलं. ती राहीला घेऊन चालत रस्त्यापर्यंत गेली, तिचा हात आईच्या हातात दिला, दोन्ही हातांवर आपला हात क्षणभर ठेवला आणि काढून घेतला. आईच्या तळहाताचे घट्टे बोटांनी चाचपून बघितल्यावर राही तिला बिलगली.

पुढच्या दसऱ्याला भावजय लेकीला बरोबर घेऊन गेली. तिला दोष देता येत नाही; मी असते तरी नेलं असतं. पण मथुराचा जीव त्या दिवशी थाऱ्यावर नव्हता. ऊस शाळूहून दाट. त्यात कोयते, बैलगाड्या, मागं येणारे ट्रॅक्टर. तिथं आईचे हात मोळ्यांत गुंतलेले. तिथं लेकराला हाकच मारावी लागते. ट्रॅक्टर हलला, राही भांड्यांच्या पोत्यांवर बसली होती, आणि मथुरा, जिनं त्या एका दिवसाखेरीज कधी आवाज चढवला नव्हता, रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "राहीऽऽ!"

राहीनं मान वळवली. मी तिचे ओठ गोल झालेले पाहिले. इंजिनाच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

"ताई, दिली का वं ओ तिनं?"

"दिली," मी म्हटलं. "मी बघितली."

"ऐकली का?"

धुळीत ट्रॅक्टर दिसेनासा झाला तरी ती माझ्याकडं बघत होती. मी पुन्हा म्हटलं, दिली.

आता पुन्हा पौष आहे. परातीत माती पसरली आहे, कंगव्यांच्या तिफणी चालू आहेत, भेंडीची फुलं वाळत पडली आहेत. बुजगावणं यंदा केलं नाही. खिडकीमागं शाळू भरला आहे आणि त्याची सळसळ खोलीत येते आहे. रविवारी मथुरा फोन लावते. भाऊ बोलतो, भावजय बोलते, राही बोलत नाही. काल लेकरं झोपली होती, मी भिंतीवर कागद चिकटवीत होते, आणि मथुरा ओसरीवर ताटल्या घासत होती. मध्येच तिचा हात थांबला, मान शाळूकडं वळली, आणि ती मोठ्यानं, स्वच्छ म्हणाली, "ओ!"

मी बाहेर आले. ओसरीवर कुणी नव्हतं. रस्ता दुपारचा, ओसाड.

"कुणी हाक मारली ग?"

"कुनी न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा ताटली घासू लागली. राखेच्या हातांनी तिनं डोळे पुसले नाहीत, म्हणून त्यांतलं पाणी मला दिसलं.

शाळूत आपल्या माणसाच्या आवाजात हाक आली तर ओ द्यायची नसते, हे तिनंच मला सांगितलं होतं. मी तिला त्याची आठवण करून दिली नाही. दूर गेलेली माणसं हाक मारत नसतात. आपणच कधी काळी मारलेली हाक दिवसांच्या तासातासांतून हिंडत एखाद्या दुपारी आपल्यापाशी येऊन थांबते, आणि ती कुणाची आहे हे पाहण्याआधीच तोंडातून ओ निघून गेलेली असते.